भिंतींना कान फुटतात तेव्हा

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळले, तिथे वाक्य थोडं सरळ केलंय. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

आज सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

नागपूरकरांना 'लॉन' म्हणजे काय हे सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते: आमच्याकडे लग्नाच्या मोकळ्या कार्यालयाला लॉन म्हणतात. तर आमच्या सोसायटीच्या अगदी समोर एक लॉन आहे. दोन वर्षांपूर्वी बाबांची बायपास झाली, त्यांना घरी आणलं आणि त्याच आठवड्यात लग्नांचा सीझन लागला. रात्री साडेअकराला डीजे चालू. खिडकीची काच थरथरत होती. बाबा छातीवर हात ठेवून पलंगावर बसून राहिले होते. पोलिसांना फोन केला. ते आले, दहा मिनिटं आवाज कमी झाला, ते गेले आणि पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी मला विचारलं गेलं, की मॅडम, किती डेसिबल होता? आता हे मी कुठून सांगणार?

मग सोसायटीच्या वार्षिक सभेत मीच उभी राहिले. म्हटलं, नवीन सीसीटीव्ही घेतोच आहोत, तर माईकवाला घेऊ. आवाजाचा पुरावा तरी राहील. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या माईकचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते, कारण ते सांगायच्या आधी मला स्वतःला एक गोष्ट शोधून काढायची होती. माणसाच्या वतीने ऐकायचं काम यंत्राकडे कधी गेलं आणि ते नेमकं काय ऐकायला लागलं?

आवाजावरून पारख करणं आपल्याला नवीन नाही. माठ घेताना आजी बोटाने टकटक करते ना? खणखणला तर पक्का, बद्द वाजला तर तडा गेलेला. रेल्वेत हेच काम पगारी होतं. गाडी स्टेशनात थांबली, की लांब दांड्याची हातोडी घेऊन एक माणूस डब्याच्या कडेने चाकं ठोकत जायचा. चाक घंटेसारखं वाजलं तर ठीक, दबका आवाज आला तर भेग. आणि शेतात मचाणावर जागल करणारा माणूस अंधारात काय करतो? रानडुक्कर आलं की वारा हलला, हे तो फक्त ऐकून सांगतो. या सगळ्यांत ऐकणारा माणूस तिथेच उभा असतो आणि काय ऐकलं हे त्याला विचारता येतं. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

यंत्राला हे काम पहिल्यांदा गंभीरपणे दिलं गेलं ते पहिल्या महायुद्धात. आणि ही गोष्ट मला इतकी आवडते की जरा वेळ घेणार आहे.

१९१५ साल. फ्रान्स आणि बेल्जियमच्या सीमेवर दोन्ही सैन्यं खंदकांत अडकलेली. जर्मन तोफा टेकड्यांच्या मागे लपलेल्या. गोळा येऊन पडतो, पण तोफ कुठे आहे ते दिसत नाही. ब्रिटिश सैन्याने हे कोडं एका पंचविशीतल्या पदार्थशास्त्रज्ञाला दिलं. त्याचं नाव विल्यम लॉरेन्स ब्रॅग. त्याच वर्षी त्याला आणि त्याच्या वडिलांना मिळून नोबेल पारितोषिक जाहीर झालं आणि त्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ गॅलिपोलीच्या लढाईत गेला.

कल्पना सोपी होती. आपल्या सीताबर्डीवर समजावते. समजा तुम्ही तीन मित्र आहात. एक व्हरायटी चौकात, एक झांशी राणी चौकात आणि एक मुंजे चौकात उभा आहे. तिघांची घड्याळं काट्यावर काटा जुळवलेली. मधल्या कुठल्यातरी गल्लीत सुतळी बॉम्ब फुटला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ज्याला आधी ऐकू आला तो जवळ, ज्याला नंतर ऐकू आला तो लांब. कोणाला किती उशिरा ऐकू आला हे नेमकं लिहून ठेवलं, तर नकाशावर रेघा मारून गल्ली सापडते. ब्रॅगने मित्रांच्या जागी सहा मायक्रोफोन लावले, काही किलोमीटरच्या रांगेत, आणि त्यांचे संकेत एका सरकत्या फिल्मवर उमटवले.

पण यंत्र चालेना. कारण मायक्रोफोन चुकीचं ऐकत होते. तोफेचा गोळा आवाजापेक्षा वेगाने जातो, त्यामुळे तो हवेत एक कडाका उठवत येतो. बंदुकांचाही कडकडाट असतो. त्या काळचे कार्बनचे मायक्रोफोन हे तीक्ष्ण आवाज झकास पकडायचे. पण खुद्द तोफेचा जो मूळ आवाज, तो इतका खोल आणि जाड की त्यांना कळायचाच नाही. नेमकं जे हवं तेच गायब.

उत्तर कुठे सापडलं माहितीये? संडासात. मी गंमत नाही करत. ब्रॅग ज्या शेतघरात राहत होता, तिथल्या बंद संडासात बसला असताना जवळची ब्रिटिश तोफ उडली, की तो बैठकीवरून किंचित उचलला जायचा. म्हणजे कानाला फारसं न कळणारा, पण शरीराला ढकलणारा दाब हवेत होता. त्याच्या तुकडीत टकर नावाचा एक कॉर्पोरल होता. तो झोपायचा त्या खोपटाच्या डांबरी कागदाच्या भिंतीला भोकं होती आणि तोफ उडाली की त्या भोकांतून थंड हवेची झुळूक त्याच्या तोंडावर यायची. टकरने १९१६ मध्ये त्यावरून मायक्रोफोन बनवला. लाकडी पेटीला एक भोक, भोकावर तापवलेली बारीक प्लॅटिनमची तार. खोल आवाजाचा दाब आला की हवा आत-बाहेर होते, तार गार पडते, विजेचा प्रवाह बदलतो. बंदुकीच्या कडाक्याला ती ढिम्म, तोफेला मात्र लगेच दाद देणार. त्यानंतर काही मिनिटांत तोफेची जागा सापडायला लागली, चूक बऱ्याचदा ५० मीटरच्या आत.

यातला मुद्दा पकडा. यंत्र सगळं ऐकत नाही. बनवणाऱ्याने त्याला ज्या आवाजासाठी कान दिला, तेवढंच ऐकतं.

पुढचा इतिहास झरझर सांगते. युद्धानंतर इंग्लंडने केंटच्या किनाऱ्यावर काँक्रीटचे अवाढव्य कान उभारले, विमानांची चाहूल लागावी म्हणून. त्यातली एक भिंत २०० फूट लांब आहे आणि आजही उभी आहे. रडार आलं आणि ते सगळं वाया गेलं. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने लाओसच्या जंगलात विमानांतून आवाज पकडणारी यंत्रं टाकली. ट्रकचा आवाज आला की संकेत थायलंडमधल्या तळावरच्या कॉम्प्युटरकडे. ऐकणारा आणि ठरवणारा यांच्यामध्ये कॉम्प्युटर येऊन बसला तो हा असा.

मग हे शहरात आलं. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात शॉटस्पॉटर नावाची कंपनी सुरू झाली. गणित ब्रॅगचंच. खांबांवर आणि गच्च्यांवर मायक्रोफोन, गोळीबारासारखा आवाज आला की जागा काढायची, पोलिसांना कळवायचं. शिकागोने हे मोठ्या प्रमाणावर घेतलं. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या शहराच्याच महानिरीक्षक कार्यालयाने हिशोब तपासला. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात ५० हजारांवर सूचना आल्या होत्या. पोलीस तिथे पोचल्यावर बंदुकीच्या गुन्ह्याचा पुरावा मिळाल्याची नोंद दर शंभरात साधारण ९ वेळा होती. कंपनीचं म्हणणं, पुरावा मिळाला नाही म्हणजे गोळी झाडलीच नव्हती असं होत नाही. बरोबर आहे, तेही खरं. पण मला दुसरी गोष्ट जास्त खटकली. त्याच अहवालात होतं, की एखाद्या भागात अशा सूचना वारंवार येतात एवढ्या समजुतीवरून काही पोलिसांचं तिथल्या माणसांशी वागणं बदलत होतं, झडतीपर्यंत. आणि हे माईक बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांतच होते. शिकागोने सप्टेंबर २०२४ मध्ये ही यंत्रणा बंद केली.

आता घरी येऊ.

आपल्याकडे आवाजाची लढाई बंदुकीची नव्हती, भोंग्याची होती. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी १९८० च्या दशकातच कोर्टाचं दार ठोठावलं. पुढे सुमायरा अब्दुलाली आणि त्यांच्या आवाज फाउंडेशनने हातात मीटर घेऊन वर्षानुवर्षं मिरवणुकांचे आकडे काढले. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सविस्तर निकाल दिला आणि शहरांचे आवाजाचे नकाशे तयार करण्याचा विषय पुढे आला. महाराष्ट्रातल्या २७ शहरांचा असा अभ्यास प्रदूषण नियंत्रण मंडळाने कोणाकडून करून घेतला? आपल्या नीरीकडून. हो, नेहरू मार्गावरची तीच नीरी, जिच्यासमोरून आपण हॉर्न वाजवत जातो.

नीरी १९५८ ची. तेव्हा नाव वेगळं होतं, काम मुख्यतः पाणी आणि सांडपाणी. १९७४ पासून तिचं आजचं नाव आहे. या संस्थेतल्या लोकांनी नागपूरच्या रस्त्यांवर हॉर्नमुळे रहदारीच्या गोंगाटात किती भर पडते, यावर वेगळा अभ्यास केला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्धही झाला. वाहनांचा आवाज मोजायची जगभरची सूत्रं इंजिन आणि टायर यांच्या हिशोबाने बनलेली आहेत. आपल्याकडे हॉर्न हा स्वतंत्र हिशोबाचा विषय आहे. (आणि आपल्या शहराचे खासदार नितीन गडकरी हॉर्नमध्ये बासरी, तबला, व्हायोलिन ऐकू यावं असा कायदा करायचा म्हणतात. मुंजे चौकात संध्याकाळी सात वाजता दोनशे बासऱ्या! कल्पना करा.)

नीरीने नॉइज ट्रॅकर नावाचं मोबाइल अ‍ॅपही काढलं. तुमच्यापैकी अनेकांनी असलं एखादं अ‍ॅप डाउनलोड केलं असेल. मीही केलं, त्या लॉनच्या रात्री. तर फोनवर आकडा बघताना दोन गोष्टी माहीत असू द्या. पहिली, फोनचा माईक बोलणं टिपायला बनवलेला असतो, फार मोठा आवाज आला की तो स्वतःच आवाज दाबतो. खरं मीटर वापरण्याआधी एका छोट्या यंत्राने ९४ डेसिबलचा ठरलेला सूर वाजवून जुळवून घेतात. फोनचं तसं होत नाही. त्यामुळे अंदाज येतो, कोर्टात उभा राहणारा आकडा येत नाही.

दुसरी गोष्ट मला कळली तेव्हा मी अक्षरशः हसले. कायद्यातला डेसिबल हा 'डेसिबल ए' आहे. म्हणजे मीटर आवाज जसाच्या तसा मोजत नाही, माणसाच्या कानाला तो कसा लागतो त्याप्रमाणे गाळून मोजतो. हे गाळणं १९३० च्या दशकातल्या प्रयोगांवरून आलंय, आणि तेही हळू आवाजांवरच्या. आपला कान हळू आवाजातला खर्ज कमी ऐकतो, म्हणून मीटरही खर्ज वजा करतं. ६३ हर्ट्झला, म्हणजे डीजेच्या त्या धाडधाड ठोक्याच्या आसपास, जवळजवळ २६ डेसिबल वजा! आता माझे बाबा छातीवर हात ठेवून का बसले होते आणि अ‍ॅपवरचा आकडा तेवढा भयंकर का दिसत नव्हता, याचं निदान काही उत्तर मिळालं. ब्रॅगच्या कार्बन मायक्रोफोनला तोफ ऐकू येत नव्हती, तसंच काहीसं. शंभर वर्षांनी, आमच्या खिडकीत.

बरं, मीटर आपोआप चालवण्याचं कामही सुरू झालं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ मध्ये सात महानगरांत ३५ केंद्रं लावली, पुढे ती ७० झाली. मुंबई त्यात आहे, नागपूर त्या सातात नाही. ही केंद्रं चोवीस तास मोजतात. पण मोजतात म्हणजे काय, तर आकडा ठेवतात. कोण बोललं, काय बोललं हे त्या आकड्यातून परत काढता येत नाही. उसाचा रस काढून झाल्यावर चिपाडावरून ऊस कोणाच्या शेतातला हे सांगता येईल का? तसं.

आणि मग आला मुंबईचा सिग्नल. ३१ जानेवारी २०२० ला मुंबई पोलिसांनी एक व्हिडिओ टाकला, तुम्ही नक्की बघितला असेल. सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हिंदमाता, वांद्रे अशा ठिकाणी सिग्नलला डेसिबल मीटर जोडून प्रयोग केला होता. लाल दिव्याला थांबलेल्यांनी हॉर्न वाजवून ८५ डेसिबलचा आकडा पार केला, की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. जास्त हॉर्न, जास्त थांबा. जगभर गाजलं.

तेव्हा मी टाळ्या वाजवणाऱ्यांत होते. आता तो प्रयोग मला वेगळ्या कारणाने महत्त्वाचा वाटतो. त्या सिग्नलला काहीच माहीत नव्हतं. हॉर्न कोणी वाजवला, गाडी कोणाची, काही नाही. म्हणून शिक्षा सगळ्यांना, गप्प उभ्या राहिलेल्या सायकलवाल्यालाही. अन्यायच की. हा अन्याय दूर करायचा तर सिग्नलला कळायला हवं, की हॉर्न नेमका कोणाचा. पॅरिसमध्ये तेच केलंय. तिथे 'मेद्यूझ' नावाच्या यंत्रात चार माईक आहेत, ते आवाजाची दिशा काढतात, कॅमेरा गाडी दाखवतो, नंबर प्लेट सापडते. न्याय जास्त नेमका झाला, पण त्यासाठी रस्त्यावर कान आणि डोळा दोन्ही बसवावे लागले. मला वाटतं हा सगळा विषय या एका अडचणीत आहे. कमी जाणणारं यंत्र सरसकट झोडपतं. जास्त जाणणारं यंत्र नेमकं झोडपतं, पण मग ते जाणतं!

फ्रान्समध्येच याच्या पुढचा प्रकार झाला. सेंट-एतिएन नावाच्या शहराने २०१९ मध्ये एका वस्तीत माईक लावायचं ठरवलं. किंकाळी, काच फुटणं, स्फोट असले 'विचित्र' आवाज आपोआप ओळखायचे आणि पोलिसांना कळवायचं. तिथल्या माहिती-संरक्षण आयोगाने ऑक्टोबर २०१९ मध्ये बजावलं, की रस्त्यावर सतत ऐकत राहणारं यंत्र म्हणजे लोकांच्या खाजगी बोलण्यात हात घालणं, आणि आपल्याला कोणी ऐकतंय म्हटल्यावर माणूस वागणं-बोलणं बदलतो. प्रकल्प गुंडाळला गेला. ऑर्लेआँ शहरानेही असाच प्रयत्न केला, तो प्रशासकीय न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये बेकायदा ठरवला.

यंत्राला किंकाळी कशी कळते? त्याला हजारो आवाज नावं लावून ऐकवतात. गुगलने २०१७ मध्ये असा एक साठा खुला केला. यूट्यूबवरचे वीस लाखांहून जास्त, दहा-दहा सेकंदांचे तुकडे, आणि ६३२ प्रकारांची यादी. भुंकणं, शिंक, हॉर्न, आरडाओरडा, गोळीबार. त्या यादीत तबला आहे, सतार आहे. धुमाल नाही. आता तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचं आपलं महाल-इतवारी आठवा... सॉरी, दुसऱ्या दिवशी नाही, तान्ह्या पोळ्यालाच. मारबत निघते. काळी आणि पिवळी. हजारो माणसं घसा फाटेस्तोवर ओरडत असतात, रोगराई घेऊन जा म्हणून. धुमाल, फटाके, पळापळ. त्या गल्लीत एखादं किंकाळी ओळखणारं यंत्र लावलं तर बिचारं अर्ध्या तासात वेडं होईल, किंवा आपल्याला दंगलखोर ठरवेल. आपली गर्दी ही गर्दी आहे की गोंधळ आहे, हे कोणाच्या कानाने ठरणार?

हा प्रश्न नागपूरला लांबचा नाही. शहरात चौकाचौकांत कॅमेरे आहेत. पोलिसांसाठी एआय वापरायला राज्य सरकारने २०२४ मध्ये मार्व्हल नावाची कंपनी काढली, तीही इथेच, आयआयएम नागपूरच्या साथीने. आवाजावरचं काम उद्या कोणी सुरू केलं तर विचारायचे प्रश्न आधीच तयार असलेले बरे.

कायद्यात काय आहे? १९७२ चा मलकानी खटला बघा, तोही महाराष्ट्रातला. लाच मागितल्याच्या प्रकरणात पोलिसांनी एका डॉक्टरच्या संमतीने त्याच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडला. सुप्रीम कोर्ट म्हणालं, बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती होती, पुरावा चालेल. १९९६ मध्ये पीयूसीएल खटल्यात फोन टॅपिंगवर अटी आल्या: गृह सचिवांचा आदेश हवा, मुदत हवी, वर आढावा समिती हवी. २०१९ मध्ये आवाजाचा नमुना द्यायचा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात हे कोर्टाने मान्य केलं आणि आता ते नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात लिहिलेलंच आहे. पण लक्षात घ्या, हे सगळे नियम एका ठरावीक माणसाच्या, ठरावीक फोनच्या हिशोबाने केलेले आहेत. खांबावरचा माईक कोणाचं ऐकतो? येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचं.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं. त्या नऊ जणांत एक आपले नागपूरचे होते, न्यायमूर्ती शरद बोबडे. त्यांनी वेगळं निकालपत्र लिहिलं आणि त्यात गृह्यसूत्रांचा आणि अर्थशास्त्राचा दाखला दिला: घर कसं बांधावं म्हणजे आतल्यांचा आडपडदा राहील, मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात जाऊ नये. 'प्रायव्हसी ही परदेशी फॅशन आहे' असं काका लोक ग्रुपवर टाकतात ना, त्यांना हे पाठवा.

आणखी एक गोष्ट, मला फार मोलाची वाटते ती. २३ जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ल्याच्या रहिवाशांच्या भोंग्यांबाबतच्या याचिकेवर निकाल दिला. त्यात ध्वनिक्षेपकातच आवाजाची मर्यादा आपोआप बांधून टाकणारी सोय करायचा विचार आहे. म्हणजे लोकांवर कान लावण्याऐवजी भोंग्याच्याच तोंडाला लगाम. आणि तक्रार करणाऱ्याची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी, असंही सांगितलंय.

आता आमचा माईक.

आठ कॅमेरे लागले, त्यातले गेटवरचे दोन माईकवाले. डीजेचा पुरावा म्हणून एकदाही उपयोग झाला नाही, कारण त्यात नुसता फाटलेला खरखराट यायचा, आकडा नाहीच. चार महिन्यांनी कमिटीच्या बैठकीत एक क्लिप वाजवली गेली. रात्री दीडची. आमचे वॉचमन काका गावाकडे बायकोशी फोनवर बोलत होते. एजन्सीने दोन महिन्यांचा पगार दिला नाही, पोराची फी राहिली, आणि कमिटीतल्या एका साहेबांबद्दल दोन वऱ्हाडी शब्द, जे इथे सांगत नाही. बैठकीत लोक हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू? पुढच्या महिन्यात काका गेटवर नव्हते. एजन्सीने माणूस बदलला, एवढंच कळलं.

मलकानी खटल्यात निदान एकाची संमती होती. इथे काकांची नव्हती आणि फोनवर पलीकडे असलेल्या त्यांच्या बायकोची तर नव्हतीच. २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम मी वाचून काढले, पण रात्री दीड वाजता गेटवर उभ्या असलेल्या माणसाने ते कुठे वाचायचे?

यंदाच्या वार्षिक सभेत मी पुन्हा उभी राहिले. दोन ठराव मांडले. गेटवरचे दोन्ही माईक बंद करायचे आणि गच्चीवर फक्त आकडा लिहून ठेवणारं, आवाज न साठवणारं मीटर लावायचं. एक काकू म्हणाल्या, "अगं, लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?" मी म्हटलं, "काकू, मग तुमच्या दारावर लावू?" थोडी बाचाबाची झाली. ठराव अकरा विरुद्ध नऊ मतांनी पास झाले. माईक मी स्वतः अ‍ॅपमध्ये जाऊन बंद केले. मीटर अजून आलेलं नाही.

काकांचा नंबर माझ्याकडे होता. बरेच दिवस टाळत होते, शेवटी मागच्या आठवड्यात फोन केला आणि माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या ताई, झालं ते झालं." आता दुसऱ्या एका अपार्टमेंटमध्ये लागलेत. मग थोडं थांबून त्यांनीच विचारलं, "ताई, इथंबी गेटवर कॅमेरा हाये. त्याले कान हायेत का नाई, हे कसं समजाचं?"

मी सांगितलं, कॅमेऱ्याच्या खालच्या बाजूला टाचणीएवढं भोक दिसतं का बघा. पण ते नेहमी दिसतंच असं नाही.